पार्क ॲव्हेन्यू ते स्क्रँटन

अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांचा फिरण्याचा रस्ता ठरलेला असतो. नायगारा, वॉशिंग्टन, जमलंच तर ऑर्लँडो, आणि परतायच्या आदल्या आठवड्यात न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर एक चक्कर. स्क्रँटन त्यात कुठेच बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी भाचीकडे होते, तेव्हा तिला म्हटलं, मला स्क्रँटनला जायचंय. ती हसायलाच लागली. "मावशी, ते 'द ऑफिस'मधलं गाव? तिथे बघण्यासारखं काय आहे?" तिच्या पिढीला स्क्रँटन ठाऊक आहे ते त्या विनोदी मालिकेमुळे. कागद विकणारी एक रडतखडत चालणारी कंपनी आणि तिच्यात खितपत पडलेली माणसं.

मला जायचं होतं त्याला कारणं दोन. एक निवडणुकीचं. २०२० साली जो बायडेन यांनी आपली लढत स्क्रँटन विरुद्ध पार्क ॲव्हेन्यू अशी आहे, असं जाहीर केलं होतं. स्क्रँटन हे त्यांचं जन्मगाव, पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं, एकेकाळी कोळशावर जगणारं. पार्क ॲव्हेन्यू ही न्यूयॉर्कमधली धनाढ्यांची वस्ती. अमेरिकेतले राजकारणी गरीब-श्रीमंतांच्या भांडणाबद्दल इतकं उघड सहसा बोलत नाहीत. बोललेच तर सगळ्यांना मध्यमवर्गात घालून मोकळे होतात.

दुसरं कारण घरचं. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, आणि स्क्रँटनच्या भर गावात तोफगोळ्यांचा कारखाना आहे. १९७१ च्या लढाईत आमच्या घरात चर्चा कसली असायची, तर या आठवड्यात ओटी किती झाला याची. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि आत आई ओव्हरटाइमच्या पैशांत शिवणयंत्र बसतं का याचा हिशोब मांडून बसलेली. यंत्र आलं. लढाई जिंकल्याचा आनंद आम्हालाही झालाच. पण ती तेरा दिवसांतच आटोपली याचं वडिलांना थोडं वाईटही वाटलं असावं, असं पुढे कधीतरी माझ्या मनात येऊन गेलं. म्हणून युद्धावर छातीठोक बोलणाऱ्यांपेक्षा, मग ते बाजूने बोलोत की विरुद्ध, गोळे घडवणाऱ्यांच्या गावात काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

आधी पार्क ॲव्हेन्यू पाहून घेतला. खरं तर तिथे पाहण्यासारखं फार नाही. ओळीने उभ्या जुन्या, जाडजूड इमारती, दारात टोपी-कोटातले दरवान, रस्त्याच्या मधोमध फुलांचे वाफे. पैसा रस्त्यावर दिसत नाही, तो वरच्या मजल्यांवर राहतो. तो पाहायचा तर एक रस्ता पश्चिमेला सरकून मॅडिसन ॲव्हेन्यूवर, छत्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जावं. तिथे बँकर जे. पी. मॉर्गन यांचं ग्रंथालय आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रवेश फुकट असतो. पुणेकर बाई दुसऱ्या कुठल्या दिवशी जाणार? आत अक्रोडाच्या लाकडाची तीन मजली कपाटं, गुटेनबर्गच्या बायबलच्या प्रती, आणि खुद्द मॉर्गन यांच्या खोलीच्या भिंती लाल रेशमाने मढवलेल्या. त्या खोलीला लागून पोलादी तिजोरी आहे, माणूस आत जाऊन उभा राहील एवढी. मौल्यवान हस्तलिखितं तिच्यात ठेवत.

या इमारतीचं काम मॉर्गन यांनी हाती घेतलं १९०२ साली. त्याच वर्षी मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या अँथ्रसाइटच्या खाणींत संप झाला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. अँथ्रसाइट हा कठीण, कमी धुराचा कोळसा. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत हिवाळ्यात घरोघरी तोच जळायचा. बहुतेक खाणी रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात होत्या आणि रेल्वे कंपन्यांच्या नाड्या मॉर्गन यांच्या हातात. खाणमालकांचे म्होरके जॉर्ज बेअर यांनी एका पत्राच्या उत्तरात कळवलं की कामगारांचं हित चळवळ्यांकडून नव्हे, तर देवाने ज्यांच्या हाती या देशाची मालमत्ता सोपवली आहे त्या ख्रिस्ती गृहस्थांकडूनच जपलं जाईल. थंडी तोंडावर आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लष्कर घालून खाणी ताब्यात घ्यायची तयारी चालवली आणि आपल्या युद्धमंत्र्याला, एलिहू रूट यांना, मॉर्गन यांच्याकडे धाडलं. दोघं भेटले मॉर्गन यांच्या 'कोर्सेर' नावाच्या बोटीवर. वाद मिटवायला आयोग नेमायचा, हे तिथे ठरलं. ज्यांचा संप होता त्यांच्यापैकी त्या बोटीवर कुणी नव्हतं.

स्क्रँटन न्यूयॉर्कपासून दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. पुण्याहून कोल्हापूर याहून लांब पडतं. तरी आगगाडी नाही. शेवटची प्रवासी गाडी १९७० साली सुटली, तेव्हापासून बस. ही बस लिंकन बोगद्यातून न्यू जर्सीत शिरते, डेलावेअर नदीची खिंड ओलांडते आणि पोकोनोच्या डोंगरांत चढते. ऑक्टोबरात तिथली पानं लाल-पिवळी होतात, त्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. माझ्या शेजारी बसलेल्या बाई ब्रॉन्क्समध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायला जात आणि राहायला पोकोनोत, कारण शहरातलं भाडं झेपत नाही. जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये. मत कुणाला देणार विचारलं, तर म्हणाल्या, "मंगळवारी मला सुट्टी मिळाली तर ठरवीन." अमेरिकेत मतदान मंगळवारी असतं आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. लोकशाहीच्या माहेरघरी असं कसं, असं मी विचारणार होते. पण त्यांचे डोळे मिटले होते.

स्क्रँटनचं जुनं रेल्वे स्टेशन आता हॉटेल झालंय. जवळच्या जुन्या यार्डात 'स्टीमटाउन' हे केंद्र सरकारचं संग्रहालय आहे. वाफेची इंजिनं, जुने डबे, इंजिन फिरवायची गोल चकती, सगळं तेलपाणी करून लखलखीत ठेवलेलं. गाडी येत नाही त्या गावात गाडीचं एवढं थोर स्मारक. १९३० साली गावाची वस्ती १,४३,००० होती, आता ७६,००० च्या घरात आहे. निम्मं गाव निघून गेलं की काय उरतं? दगडी, ऐटदार इमारती उरतात आणि त्यांच्यामधल्या पाडलेल्या घरांच्या जागी मोटारी लावायची मोकळी मैदानं.

कोर्टाच्या आवारात खाणकामगारांचे पुढारी जॉन मिचेल यांचा पुतळा आहे. बोटीवर ठरलेल्या त्या आयोगाने साक्षी घ्यायला सुरुवात केली ती याच इमारतीत. कामगारांचे वकील होते क्लॅरन्स डॅरो. साडेपाचशेवर साक्षी झाल्या. मजुरी १० टक्क्यांनी वाढली, दहा तासांचा दिवस नऊवर आला, संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही. आणि त्याच १९०२ साली, ज्या घराण्याचं नाव गावाला आहे त्या स्क्रँटन मंडळींनी उभारलेला पोलाद कारखाना गाव सोडून बफेलोजवळ गेला. त्याच्या दगडी भट्ट्या अजून ओढ्याकाठी उभ्या आहेत. लग्नाचे फोटो काढायला जोडपी येतात.

गावाबाहेर मॅकडेड पार्कमध्ये एक बंद पडलेली खाण पर्यटकांना दाखवतात. डब्यात बसवून उतारावरून सुमारे नव्वद मीटर खाली सोडतात. खाली बारा अंश तापमान, पायाखाली चिखल, डोक्यावर पाण्याचे थेंब. आमच्याबरोबर शाळेतली मुलं होती. गाइड सत्तरीचा, आजोबा आणि पणजोबा दोघंही खाणीत. त्याने दिवे घालवले आणि म्हणाला, "आता हात डोळ्यांसमोर धरा." काही दिसलं नाही. मग अंधारातच त्याने दगड वेचणाऱ्या पोरांची गोष्ट सांगितली. वर कोळसा फोडायच्या इमारतीत आठ-दहा वर्षांची मुलं घसरंडीवर वाकून बसत आणि वाहत येणाऱ्या कोळशातून दगड वेचत. हातमोजे घालू देत नसत, कारण मोज्यातून दगड आणि कोळसा यांतला फरक कळत नाही. पहिले काही आठवडे बोटं सुजून फुटायची. रात्री आया त्यांना चरबी चोळायच्या. खाणीत माणूस मेला तर गाडीवाला प्रेत आणून घराच्या ओट्यावर ठेवून जायचा. घर कंपनीचं, तेव्हा घरातला दुसरा कुणी कामावर गेला नाही तर घर खाली करा. एका मुलाने विचारलं, "मग ते दुसरीकडे का नाही गेले?" गाइड म्हणाला, "दुकान कंपनीचं, उधारी कंपनीची. देणं फेडल्याशिवाय कसे जाणार?" वर आल्यावर मी त्याला निवडणुकीबद्दल छेडलं. तो हसला. "खाली पाणी आणि वर राजकारण, दोन्हींपासून मी लांब राहतो."

पाण्याचं तो उगाच बोलला नव्हता. २२ जानेवारी १९५९ रोजी जवळच्या पोर्ट ग्रिफिथला सस्क्वेहाना नदी खाणीत घुसली. नदीखाली कुठवर खणायचं याची मर्यादा ठरलेली होती, ती ओलांडून नॉक्स कोल कंपनीने खणलं होतं आणि नदीच्या तळाशी दगडाचा पातळ पापुद्रा तेवढा उरला होता. भोवऱ्यात रेल्वेच्या वाघिणी लोटून भोक बुजवावं लागलं. बारा माणसं मेली, त्यांची प्रेतंही हाती लागली नाहीत. या खोऱ्यातलं खोल खाणकाम तिथेच संपल्यात जमा झालं. पुढे चौकशीत निघालं की खाणकामगार संघटनेचे जिल्हाध्यक्ष ऑगस्ट लिपी हे त्या कंपनीचे छुपे भागीदार होते. मालक न्यूयॉर्कच्या बोटीवर बसलेला असतो हे कामगाराला ठाऊक असतं, पण आपला पुढारीच मालक निघाला तर त्याने कुणाकडे पाहायचं? इथली माणसं पुढे कुठल्याच पुढाऱ्यावर विश्वास टाकेनाशी झाली, याचं मूळ मला त्या नदीत दिसतं. शहरातले विद्वान या लोकांना 'स्वतःच्या हिताविरुद्ध मत देणारे' म्हणतात. हित सांगणारे इतक्यांदा उलटले असतील तर दुसरं काय होणार?

तोफगोळ्यांचा कारखाना सीडर ॲव्हेन्यूवर आहे, गावाच्या ऐन मध्यावर. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, उंच खिडक्या. मुळात ही रेल्वेची इंजिनदुरुस्तीची कार्यशाळा. कोरियाच्या युद्धाच्या सुमारास लष्कराने घेतली. जागा सरकारची, चालवते जनरल डायनॅमिक्स या शस्त्रकंपनीची शाखा. पोलादाचे लांब गज येतात, त्यांचे तुकडे पाडतात, भट्टीत लालपिवळे होईस्तोवर तापवतात, प्रेसखाली दाबून पोकळ लांबट आकार देतात, मग कातकाम, पाणी देणं, रंग. १५५ मिलिमीटरचा गोळा भरल्यावर साधारण पंचेचाळीस किलो भरतो. पण इथे तो रिकामाच असतो, दारू भरायला तो आयोवाला जातो. युक्रेनच्या युद्धाआधी अमेरिका महिन्याला असे साधारण चौदा हजार गोळे बनवत होती. युद्ध सुरू झाल्यावर महिन्याला एक लाखाचं लक्ष्य ठेवलं गेलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराला गोळे कमी पडू लागले आणि ते कुठे शोधावे लागले, तर शंभर वर्षांच्या एका इंजिन-कार्यशाळेत.

आत जायला मिळत नाही आणि ते योग्यच आहे. मी कुंपणाच्या कडेने चालत राहिले. आतून प्रेसचा ठोका येत होता, छातीत जाणवेल असा. फाटकाशी पाळी सुटली. जेवणाच्या पेट्या हातात घेतलेले, कानात अजून रबरी बोळे असलेले पुरुष, दोन-चार बायका. चालण्याची ती ढब मी ओळखते: घाई नाही, पण कुठे थांबायचंही नाही.

थोडं पुढे एका डायनरमध्ये शेजारच्या स्टुलावर एक निवृत्त कामगार भेटले. खडकीचं नाव त्यांनी अर्थातच ऐकलेलं नव्हतं, पण वडील दारूगोळ्यात होते म्हटल्यावर त्यांनी कॉफी मागवली. लढाई लागली की भरती, थांबली की कपात, असंच आयुष्य गेलं म्हणाले. यंदा ट्रम्प यांना मत. युक्रेनला एक डॉलरही द्यायला नको. मी म्हटलं, पण मग गोळे? ते क्षणभर थांबून म्हणाले, "मी पैसे देण्याच्या विरोधात आहे. गोळे करण्याच्या नाही." मला हसू आलं, आणि लगेच शिवणयंत्र आठवलं. त्यांना विसंगत ठरवण्याचा अधिकार निदान मला नाही. शिवाय हा युक्तिवाद त्यांनी कुठून उचलला? ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेन आणि इस्राएलसाठी पैसे मागताना बायडेन यांनी राष्ट्राला उद्देशून जे भाषण केलं, त्यात तोफगोळे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, टेक्सास अशा बारा राज्यांत बनतात हे आवर्जून सांगितलं होतं. म्हणजे युद्ध न्याय्य आहे एवढ्याने भागत नाही, त्यातून आपल्याकडे काम मिळतं असंही सांगावं लागतं. दोन महिन्यांनी त्याच प्रशासनाने १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांचं साहित्य इस्राएलला विकलं, तेही तातडी दाखवून काँग्रेसची मंजुरी टाळून. युक्रेनच्या बचावासाठी घडवायचा गोळा आणि गाझावर पडायचा गोळा यांच्यात प्रेसला फरक करता येत नाही. तो फरक ज्यांनी करायचा ते स्क्रँटनमध्ये राहत नाहीत.

मी जायच्या थोडंच आधी, २२ सप्टेंबरला, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की स्वतः या कारखान्यात येऊन गेले होते आणि त्यांनी कामगारांचे आभार मानले होते. डेमोक्रॅट राज्यपाल जॉश शपिरो यांनी गोळ्यांवर सह्या केल्या. रिपब्लिकन मंडळी खवळली, हा तर प्रचार झाला म्हणून. प्रचाराचा वास होताच. पण या खोऱ्याचं युक्रेनशी नातं निवडणुकीपेक्षा फार जुनं. खाणींसाठी पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन यांच्याबरोबर युक्रेनियनही आले. युक्रेनियन नॅशनल असोसिएशन ही त्यांची जुनी संस्था १८९४ साली पेनसिल्व्हेनियातल्याच शॅमोकिन या कोळशाच्या गावात स्थापन झाली. आजही गावागावांत घुमटांची चर्चं दिसतात आणि त्यांच्या तळघरांत बायका पिरोही करून विकतात. आत बटाटा-चीज भरलेली, उकडून लोण्या-कांद्यात परतलेली करंजीच म्हणा, फक्त हिला खोबरं माहीत नाही. एका तळघरात पिठाच्या हातांनी कडा दाबत बसलेल्या आजीबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. माझ्या कडा पाहून त्या समाधानी दिसल्या. आजोबा खाणीत, आई लेसच्या गिरणीत (हिलरी क्लिंटन यांचे आजोबाही इथल्या लेसच्या गिरणीतच होते), आणि नातेवाईक अजून युक्रेनमध्ये. झेलेन्स्कींच्या गाड्यांचा ताफा पाहायला त्या निळा-पिवळा झेंडा घेऊन उभ्या होत्या. गर्भपाताला विरोध म्हणून मत नेहमी रिपब्लिकनांना. यंदा? त्यांनी पिरोहीची कड जरा जास्तच जोरात दाबली. "पाद्रीबाबा एक सांगतात, मावसभाऊ फोनवर दुसरं सांगतो."

आसपासच्या गावांत रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवर फलक लावलेले असतात. प्रत्येकावर एका सैनिकाचा फोटो, नाव, कुठल्या युद्धात होता ते, आणि खाली फलकाचा खर्च देणाऱ्या कुटुंबाचं किंवा दुकानाचं नाव. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. एका खांबावर आजोबा, पुढच्यावर नातू. पार्क ॲव्हेन्यूच्या खांबांवर असे फोटो मला दिसले नाहीत. सक्तीची भरती १९७३ साली संपली आणि तेव्हापासून सैन्य 'स्वेच्छेचं' आहे. पण कॉलेजची फी, दवाखान्याचा खर्च आणि पहिली बरी नोकरी हे तिन्ही एकाच खिडकीवर मिळत असतील तर त्या स्वेच्छेत गरज किती हे ज्याचं त्याने ठरवावं. सक्ती होती तेव्हा तरी समता होती का? व्हिएतनामच्या काळात कॉलेजात शिकत असाल तर भरती पुढे ढकलता येई. इराक युद्धाचे पुरस्कर्ते डिक चेनी, स्क्रँटनचे बायडेन आणि न्यूयॉर्कचे ट्रम्प, तिघांनाही भरतीतून पाच-पाच सवलती मिळाल्या. पक्ष वेगळे, आकडा तोच. या भागात काम देणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांपैकी एक कोणती, तर टोबिहॅना इथला लष्कराचा डेपो. तेव्हा इथे युद्ध टीव्हीवर पाहायची गोष्ट नाही, ती पगारपत्रकावर असते.

लॅटिमरला जायचं म्हणून टॅक्सी ठरवली. चालक आरशात दोन-तीनदा पाहून म्हणाला, "दिदी, इंडिया?" तो नेपाळीभाषक भूतानी निर्वासित. भूतानमधून हाकलल्यावर नेपाळमधल्या छावणीत वाढलेला. त्याच्यासारखी पुष्कळ कुटुंबं २००८ नंतर स्क्रँटनमध्ये आली. ओस पडलेल्या गल्ल्यांत दुकानं उघडली, घरं घेतली. हिंदी सिनेमाच्या हिंदीत आमचं मस्त जमलं. वाटेत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना खाणीच्या कचऱ्याचे काळे ढीग आणि त्यांच्या शेजारी खिडक्या नसलेली पांढरी गोदामं. आता इथली तरुण पोरं तिथे खोकी उचलतात, त्याची बायकोही.

लॅटिमर हेझलटनजवळ आहे. १० सप्टेंबर १८९७ रोजी इथे निःशस्त्र खाणकामगारांच्या मोर्चावर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, १९ जण मेले. बहुतेक स्लाव्ह आणि लिथुआनियन, म्हणजे त्या काळचे 'घुसखोर'. शेरीफ निर्दोष सुटला. एक ओबडधोबड दगड स्मारक म्हणून उभा केलाय. त्याच हेझलटनने २००६ साली कायदा केला की बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्याने देणाऱ्या मालकाला दंड. ज्यांचे आजे-पणजे परके म्हणून हिणवले गेले त्यांनीच तो उचलून धरला, हे मला त्या दगडासमोर फार झोंबलं. न्यायालयाने कायदा अडवला. आणि आज हेझलटनमध्ये स्पॅनिशभाषक, मुख्यतः डोमिनिकन, बहुसंख्य आहेत. ओसाड झालेलं गाव त्यांनी भरून काढलं. चालक म्हणाला, "दिदी, मी सिटिझन आहे, मला काळजी नाही." पुढे मार्च २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातून काही भूतानी निर्वासितांना भूतानला धाडलं आणि भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं, ही बातमी वाचली तेव्हा त्याचं ते वाक्य आठवलं.

परतायच्या संध्याकाळी बायडेन यांच्या लहानपणीच्या घरावरून गेले. ग्रीन रिज भागातलं साधं दुमजली घर. गावातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव दिलंय, गावात शिरणाऱ्या जलदमार्गालाही. घराच्या आजूबाजूला अंगणांत दोन्ही पक्षांच्या पाट्या, काही ठिकाणी एकाच अंगणात.

निकाल आपण जाणतोच. स्क्रँटनची लॅकावाना काउंटी डेमोक्रॅट कमला हॅरिस यांनी कशीबशी राखली, शेजारची लुझर्न, जिने ओबामांना दोनदा मत दिलं होतं, ती सलग तिसऱ्यांदा ट्रम्प यांनी घेतली, आणि स्क्रँटनचे डेमोक्रॅट खासदार मॅट कार्टराइट हरले. ट्रम्प यांनी इथल्या लोकांच्या रागाला मान दिला, हे मान्य केलं पाहिजे. पण आपल्या पहिल्या कारकिर्दीत त्यांनी कर कमी केला तो कंपन्यांचा, ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर. एक पक्ष गावाचं नाव घेतो, दुसरा गावाचा राग वापरतो. देशाच्या संपत्तीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा वरच्या दहा टक्क्यांकडे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे जेमतेम अडीच टक्के, हे गणित दोघांच्याही राज्यात फारसं हललं नाही.

बायडेन यांनी स्क्रँटनच्या नावावर २०२० ची निवडणूक जिंकल्यावर, मार्च २०२१ मध्ये, किमान वेतन ताशी पंधरा डॉलर करायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. डेमोक्रॅट गोटातल्याच आठ सिनेटरांनी विरोधात मत दिलं आणि तो ५८ विरुद्ध ४२ मतांनी पडला. पेनसिल्व्हेनियाने स्वतःचं वेगळं वेतन वाढवलेलं नव्हतं. मी गेले तेव्हा स्क्रँटनमध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर होतं, आणि ते २००९ पासून तेवढंच होतं.